मीटर की फिक्स

गेल्या शुक्रवारी इथे आखातात, आमच्या अब्बासियाच्या फ्लॅटमध्ये मतदान झालं. मतदार तीन, मुद्दा एक... विजेचे पैसे मीटरप्रमाणे द्यायचे, की दर महिन्याला फिक्स?

झालं असं, की बिल्डिंगच्या मालकाने हारिसकडून, म्हणजे आमच्या राखणदाराकडून, निरोप पाठवला. वर्षभराचं एकदाच काय ते ठरवा. फिक्स घेतलं तर थंडीतही तेवढेच दीनार, पण उन्हाळ्यात एसी चोवीस तास लावा, कोणी विचारणार नाही. नाहीतर आत्तासारखंच, जेवढं जाळाल तेवढं भरा.

आम्ही तिघं. कुलकर्णीकाका नाशिकचे, शुऐबा नावाच्या कारखान्यांच्या भागात एका प्लांटमध्ये ऑपरेटर. इस्माईलभाई दापोलीकडचे, खालच्या किराणा दुकानात काउंटरवर. आणि मी... बारावी अर्धवट, आधी गोवा, मग दुबई, आता खैरानच्या शॅलेंमध्ये, म्हणजे समुद्राकाठच्या सुट्टीच्या बंगल्यांमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पोचवणारी व्हॅन चालवतो.

काका फिक्सच्या बाजूने. त्यांना नाइट शिफ्ट करून दिवसा झोपायचं असतं. इस्माईलभाई मीटरवाले... "थंडीत पंखा पण लागत नाय, मग पैसे कशाचे द्यायचे?"

राहिलो मी. मी काकांना आधीच सांगून मोकळा झालो होतो की माझं मत तुम्हालाच. इथे उन्हाळाच सहा महिने, त्यात विचार काय करायचा!

आता आमच्या मीटरची पद्धत सांगतो. गेल्या जूनमध्ये इस्माईलभाईंनी कायदाच केला... रूमचे एसी फक्त रात्री झोपताना, बाकी वेळ हॉलमधला एकच. त्यामुळे घरात असलो की तिघंही गाद्या ओढून हॉलमध्ये. इस्माईलभाई इस्त्री करता करता त्यांच्या चुलत्यांच्या फणसावरून झालेल्या भांडणाची गोष्ट सांगणार, आणि काका "मागच्या वेळी दोन फणस होते" म्हणून टोकणार.

मला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. एकदा चिडून मी भर दुपारी गच्चीत जाऊन बसलो होतो. (गच्चीत एका इजिप्शियन माणसाने कबुतरं पाळलीयत, एकेकाला नाव दिलंय, त्याची वेगळीच गंमत आहे... असो.)

तर मतदानाच्या आधी हारिस म्हणाला, हा आठवडा फुकट, रूमचे एसी हवे तेवढे लावून बघा. गरमी सुरू झालीच होती.

शनिवारी खैरानहून आलो तर दोघांच्याही रूमची दारं बंद, दोन्ही दारांमागे एसीची घरघर. हॉलमध्ये अंधार. डाळ आणि इथली खुबूस रोटी उभ्याउभ्याच खाल्ली, रूममध्ये जाऊन मीही एसी लावला. काय गार वाटलं सांगू... झोप एकदम मस्त.

रविवार तसाच. सोमवार तसाच. आठवड्याच्या मधल्या दिवसांत शॅले रिकामी असतात. भरलेल्या बाटल्या दाराशी ठेवायच्या, रिकाम्या उचलायच्या, पुढे निघायचं. कधी एखादा वॉचमन लांबून हात हलवतो.

मंगळवारी व्हॅनमध्ये कॅसेटबरोबर गुणगुणायला गेलो तर घसा बसल्यासारखा आवाज निघाला. आधी वाटलं सर्दी. मग लक्षात आलं... शनिवारपासून मी "शुक्रन", म्हणजे इथलं थँक यू, सोडून कोणाशी काही बोललोच नव्हतो.

त्या संध्याकाळी काकांच्या दारावर टकटक करायला हात उचलला. पण आत जाऊन सांगणार काय? काम तर काहीच नव्हतं. तसाच परत फिरलो.

शुक्रवारी जेवणं झाली. इस्माईलभाईंनी निवडणूक अधिकाऱ्यासारखा घसा खाकरला, "चला, फिक्सवाले हात वर!" काकांचा लगेच वर गेला. माझा गेला नाही.

"अरे, तू माझ्याबरोबर होतास ना?"

"परवडणार नाही काका."

"तुला परवडणार नाही? लग्न नाही, पोरंबाळं नाहीत... चिकट्या लेका! शब्द देऊन फिरतोस?"

काकांचा चेहरा पडला. त्यांची बाजू खरीच होती, रात्रभर प्लांटवर राबून आलेल्या माणसाने घामात काय झोपायचं? मला राहवेना. म्हटलं, "काका, तुमची नाइट असेल तेव्हा दिवसा तुमच्या रूमचा एसी बिनधास्त चालू दे. त्याचं जे जास्तीचं येईल ते मी भरतो."

काकांनी वर केलेला हात खाली घेतला.

मग इस्माईलभाई हसत सुटले, "आरं, स्वतःचा परवडत नाय नि दुसऱ्याचा भरतोय! डोकं फिरलंय ह्याचं."

काका हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, आता खरं कारण विचारतात... आता विचारतात.

"तुला काही भरायचं नाही," एवढंच म्हणाले आणि उठून रूममध्ये गेले. मी मनात म्हटलं, गेले, आता चार दिवस अबोला.

पण दोन मिनिटांत गादी फरफटत बाहेर आले. नाइट असेल तेव्हा दिवसा माझ्या रूमचा एसी चालणार, असं इस्माईलभाईंना बजावून सांगितलं, त्यांनीही "हां हां, चालू दे की" म्हटलं. मग काका मला म्हणाले, "सरक. खिडकीकडची जागा माझी."

मी दाराजवळ गादी टाकली. तिथे एसीची हवा अजिबात पोचत नाही. थोड्याच वेळात दोघांचं नाशिकची द्राक्षं की दापोलीचे आंबे यावरून जुंपलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं... कारण चेहरा कोणाला दाखवायचा नव्हता.

हे त्या दोघांना तोंडावर सांगणं मला जमणार नाही. दोघंही नेटवर येत नाहीत, म्हणून इथे लिहितोय... थँक यू काका, तुम्ही काही विचारलं नाहीत त्याबद्दल.