फॉर्मातला सहावा रकाना

आमच्या प्रसूती कक्षातल्या तीन खाटांना पडदे हवेत, एवढीच माझी मागणी होती. कामोठ्याच्या या रुग्णालयात मी सकाळी बाळंतपणं करते, दुपारी नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि उरलेल्या वेळात संशोधन करते. पडद्यासाठी संशोधन करावं लागतं, हे मला अजूनही पटत नाही. पण मेट्रन म्हणाल्या, "बायकांना त्रास होतो ते कागदावर दाखव. तोंडी तक्रार वर जात नाही."

चळवळीतल्या घरात पत्रकं वाटत वाढले, कागदाला मी थोडीच भिते. फॉर्म छापला. बाई कळा सोसत असताना न विचारता जो खाटेजवळ येईल, त्याची खूण करायची. रकाने पाच: डॉक्टर, सिस्टर, आयाबाई, वॉर्डबॉय, नातेवाईक. महिनाभर मुलींनी खुणा केल्या. गुन्हेगार मी आधीच ठरवले होते.

मग एका सकाळी सहा मुलींना घेऊन मी एका खाटेशी गेले, बाळाचं डोकं किती खाली आलंय ते दाखवायला. त्या बाईकडे आमची ही तिसरी फेरी. बाई खाडीकाठच्या गावातली. कळ ओसरल्यावर म्हणाली, "ए बाय, परत पोरी घेऊन आयलीस? आता दारावर तिकीट लाव."

सगळ्या हसलो. फॉर्म धरलेली मुलगी तेवढी हसली नाही. "मॅडम, आपली खूण कुठे करू?"

आपल्याला रकानाच नव्हता. मी आधी तिच्यावरच चिडले, याची लाज वाटते.

मेट्रनना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोण बघतंय? आहे तेच दे, पडदे मंजूर करून आणते."

"आणि खरं दिलं तर?"

"तर वर म्हणतील, पडदे कशाला, तुमचा वर्गच बाहेर ठेवा."

"मग मुली शिकणार कशावर?"

"ते तुझं टेन्शन."

दोन दिवस मी ते कागद पिशवीत घेऊन फिरले. पडदे न्याय्यच होते, सही तेवढी करायची होती. शेवटी नवा फॉर्म छापला, सहावा रकाना घालून: शिक्षिका आणि विद्यार्थिनी. महिन्याचं काम पहिल्यापासून. पडदे अर्थातच आलेले नाहीत.

आता आधी विचारतो. पहिल्याच दिवशी पहिल्याच बाईने नाही म्हणून मान हलवली. मुलींना घेऊन मी वर्गात परतले आणि बाळंतपणाच्या सरावासाठी ठेवलेल्या, डोकं मध्येच अडकणाऱ्या रबरी बाहुलीवर तासभर शिकवलं. बाईच्या फॉर्मवर सहावा रकाना कोरा राहिला.