मॅन्युअल की ऑटोमॅटिक

शोरूममधल्या लाल स्पोर्ट्स कारच्या गिअरवरून माझ्या नवऱ्याने, सुहासने, हळुवार तळवा फिरवला. इतक्या मायेने फिरणारा त्याचा हात मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"मॅडमही चालवणार असतील तर ऑटोमॅटिक घ्या, सर," विक्रेता म्हणाला.

"छे, ती कुठे चालवते? मॅन्युअलच हवी. गाडी आपल्या हातात आहे असं वाटतं."

दोघांपैकी कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही.

सुहासला गाडी चालवायला मीच शिकवलं होतं, लग्नानंतर, माझ्या वडिलांच्या जीपवर. घाटात क्लच कधी सोडायचा ते मी सांगायचे आणि तो ऐकायचा. मग कधीतरी तो स्टिअरिंगवर बसू लागला आणि मी शेजारी. भांडण झालं असतं तर निदान तो दिवस तरी लक्षात राहिला असता. आपल्या हातून गोष्टी जातात त्या अशाच, आवाज न करता. आपण तेव्हा खिडकीबाहेर बघत असतो.

आम्ही गाडी चालवून बघायला निघालो. उड्डाणपुलाच्या चढावर ती बंद पडली आणि मागे सरकू लागली. हॉर्न वाजू लागले. काय करायचं ते मला नेमकं ठाऊक होतं, पण मी गप्प बसले. दोन-तीन गचके खाऊन गाडी कशीबशी वर चढली.

"तू शेजारी असलीस की असंच होतं," सुहास म्हणाला.

परत येऊन त्याने मॅन्युअलच नक्की केली. सह्या झाल्यावर विक्रेता हसून माझ्याकडे वळला, "सीटचा रंग तेवढा मॅडमनी सांगावा."

मी सांगितलासुद्धा.