आत्याला उशीर झाला त्या दिवशी

परवा रिक्षात बसले आणि आधीच्या कुणाच्या तरी ओकारीचा आंबूस वास नाकात शिरला. मला एकदम ताईच्या साखरपुड्याचा दिवस आठवला.

मुलुंडच्या हॉलमध्ये आम्ही बाबांच्या बहिणीची, शालूआत्याची वाट बघत होतो. ताईची ओटी तीच भरणार होती.

"घाटकोपरहून यायला किती वेळ लागतो? फुगून बसल्या असतील, मान हवा ना त्यांना!" काकू म्हणाली आणि तिनेच ओटी भरून टाकली. पंगत बसली.

पानात श्रीखंड पडलं तेव्हा आत्या दारात आली. साडीच्या निऱ्यांवर मोठा पिवळट ओला डाग होता.

"रस्त्यात एक आजोबा चक्कर येऊन पडले रे," ती बाबांना म्हणाली. "माझ्या अंगावरच ओकले. दवाखान्यात नेलं, त्यांचा मुलगा येईपर्यंत थांबले."

काकूने पदर नाकाला लावला. "अहो वन्सं, मग या अवतारात इथे कशाला आलात? पाहुणे जेवतायत ना!"

आत्या बाबांकडे बघत राहिली. बाबांनी मान वर केली नाही. बोटावरचं श्रीखंड चाटून ते वाढप्याला म्हणाले, "अजून दोन पुऱ्या टाक रे."

आत्या न जेवताच परत गेली.

तेव्हा मला तिच्या साडीची शिसारी आली होती. आता बाबा खूप थकलेत, माझ्याकडेच असतात. त्यांना जेवायला मीच वाढते आणि ते बोटं चाटायला लागले की उठून आत जाते.