बाईंचं पत्र रद्दीच्या कप्प्यात

गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी स्वयंपाकघरालगतच्या कोठीत, साबणाच्या खोक्यांशेजारी, स्वतःचा मेल सर्व्हर थाटला होता. घरातल्या नि नात्यातल्या अकरा जणांची पत्रं त्यातून जायची-यायची. फुकट मेल देणाऱ्या कंपन्यांवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. आणि शिस्त? विचारू नका. अनोळखी पत्र आलं की सर्व्हर आधी म्हणायचा, आत्ता नाही, थोड्या वेळाने या. खरा माणूस परत येतो, भामट्याला तेवढी सवड नसते. 'तातडीने', 'पासवर्ड', 'खातं' हे शब्द एकत्र दिसले, तर पत्र सरळ रद्दीच्या कप्प्यात.

एका मंगळवारी बाईंच्याच सर्व्हरवरून वजन घटवायच्या गोळ्यांची चाळीस हजार पत्रं जगभर गेली, आणि जगाने सर्व्हरला काळ्या यादीत टाकलं. कुणाचं तरी खातं भामट्यांच्या हाती लागलं होतं. बाईंनी एकेकाला समोर बसवून उलटतपासणी घेतली. धाकटी जाऊ तर रडकुंडीला आली. शेवटी संशय यजमानांवर आला, कारण त्यांचा पासवर्ड टेबलाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरच होता.

"असेल बुवा, माझंच असेल," ते म्हणाले.

झालं! रविवारी त्यांचं खातं बंद करायचं ठरलं. बिचारे नऊ वर्षं त्या खात्यातून जुन्या मित्राशी बुद्धिबळ खेळत होते, पत्रागणिक एक चाल, आणि पहिल्यांदाच जिंकायच्या बेतात होते. दुसरीकडे खातं काढायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

शनिवारी दुपारी बाई सर्व्हरच्या नोंदी चाळायला बसल्या आणि गार पडल्या. चोर 'चाचणी' नावाच्या खात्यातून शिरला होता. सर्व्हर लावला त्या दिवशी बाईंनीच ते काढलेलं, पासवर्डही 'चाचणी'च, आणि मग साफ विसरलेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ते खातं उडवलं आणि सगळ्यांना लिहिलं: तातडीने कळवते, पासवर्ड माझाच कच्चा होता, यांचं खातं निर्दोष आहे, माफ करा.

रविवार उजाडला तरी कुणाचं उत्तर नाही. उलट जावेचा फोन आला, "ताई, भाऊजींचं खातं बंद केलंत ना?" बाईंनी काहीबाही बोलून फोन ठेवला.

तेवढ्यात यजमान दारात येऊन उभे राहिले. "अगं, तुझं पत्र रद्दीत पडलंय. तुझ्याच नियमाने अडवलं. मी रोज रद्दी चाळतो, एखादा भला माणूस चुकून अडकलेला असतो. बाकी कुणी तिकडे फिरकत नाही." मग हळूच म्हणाले, "राहू दे तिथेच. डाव काय, पुन्हा मांडता येईल. तुझा रुबाब नको जायला."

बाईंचे डोळे भरून आले, आणि त्याचाच त्यांना राग आला. "तुम्ही गप्प बसा आणि आजची चाल पाठवा," त्या म्हणाल्या, आणि जावेलाच फोन लावला.

"जरा बस. पासवर्डबद्दल बोलायचंय."

"अहो ताई, शपथ घेते, माझा नाही हो गेला!"

"तुझा नाही. माझा गेला."