चिरफाडे सर आणि आक्काचं बोलणं

भांडण सोडवायला धावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण भांडणात घुसून "बाई, तेवढं शेवटचं वाक्य पुन्हा म्हणता का?" असं विचारणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला. नळावरची ती बाई घागर उगारून अंगावर आली, तरी सर आपले बसच्या तिकिटावर तिचं वाक्य टिपत उभे! कॉलेजात ते मराठी शिकवायचे आणि आम्हा हौशी मंडळींच्या नाटकाच्या तालमीला न बोलावता यायचे. एकेका संवादाची अशी चिरफाड करायचे की त्यांचं खरं आडनाव मागे पडलं आणि ते सगळ्यांचे चिरफाडे सर झाले.

"हे वाक्य बाईचं नाही, लेखकाचं आहे. त्याला आधी स्टेजवरून खाली उतरवा," हे त्यांचं पालुपद. एकदा मी विधवेचं काम करत होते आणि दीड पानाचं भाषण हुंदके देत म्हणत होते. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तू घरी रडताना इतकी ऐसपैस बोलतेस का गं?" असली भडकले मी! पण घरी जाऊन एकटीनं म्हणून पाहिलं, तर ते दीड पान घशाखाली उतरेना.

सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. पुण्याला माझ्या ताईकडे होता. सुट्टी मिळाली की सर तिच्याकडे जाऊन मुंबईहून दाखवलेलं नाटक बघून येत आणि सात रस्त्याजवळच्या हॉटेलात चहा पीत ते आम्हाला सगळ्या पात्रांच्या आवाजांत ऐकवत. मध्येच थांबत. "इथं बघा, ही बाई अडलीय. तिला नेमका शब्द सापडत नाही. मग हाताशी असेल तो उचलून मारते. नवी भाषा अशी जन्मते, लेको." कधीही न पाहिलेली नाटकं आम्हाला अशी पाठ झाली होती.

पण सर खरे वेडे होते ते आक्काच्या बोलण्यासाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनं विड्या वळून भावाला शिकवलं. पुढे हिचा नवरा वारला. सरांनी लग्न केलं नव्हतं, मग दोघं चाळीतल्या एका खोलीत राहू लागली. मी जायचे तेव्हा आक्काच्या मांडीवर तंबाखूचं सूप, हात चालू आणि तोंड त्याहून चालू. शेजारणीबद्दल म्हणायची, "तिच्या तोंडाला कडी न्हाय, नुसती चौकट हाय." मे महिन्यात म्हणायची, "ऊन घरात पाय पसरून बसलंय बग, ऊट म्हनलं तरी उटंना." की सर ताडकन उठलेच, "आक्का, पुन्हा म्हण की!" हातात कागद, पेन्सिल. आम्ही कौतुकानं हसायचो. आक्का पदरानं तोंड झाकून "जा रं मुडद्या" म्हणायची. आम्हाला वाटायचं, लाजली.

नवरा गेल्यावर ती एकदा सरांना म्हणाली होती, "घर लई मोटं झालंय रं. हाक मारली की फिरून माज्याकडंच येती." दहा बाय दहाची खोली! ह्या वाक्याभोवती सरांनी एक नाटक लिहिलं आणि मुंबईला टीव्हीसाठी पाठवलं. ते घेतलं, असं कळलं तेव्हा सरांनी अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले. मला म्हणाले, "बाकीचं नाटक गेलं खड्ड्यात. तेवढं वाक्य लोकांच्या कानांवर पडू दे. आणि आक्काला ऐकू दे, की तिचं बोलणं केवढ्या मोलाचं आहे."

आम्ही तिघं पुण्याला गेलो. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसली होती. ताईच्या घरी शेजारीपाजारीही जमले. नाटक सुरू झालं आणि पहिल्याच वाक्याला सरांचा चेहरा उतरला. पडद्यावरची विडीकामगार बाई सदाशिव पेठेतल्यासारखी बोलत होती. मुंबईतल्या कुणीतरी सगळे संवाद धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. शेवटी ती बाई दाराला टेकली आणि म्हणाली, "तुम्ही गेल्यापासून हे घर मला खायला उठतं." लोकांनी डोळे पुसले. सर जमिनीकडे बघत बसले.

आक्काचा चेहरा मात्र फुलला होता. तिनं सरांच्या पाठीवरून हात फिरवला. "किती ग्वाड बोलती रं ती! इतकी वर्सं माज्या चुका लिवून घेत हुतास नव्हं? आज समद्या सुदारल्यास की."

परतताना गाडीत, कुर्डुवाडीच्या आसपास, सरांनी तिला समजवायचा प्रयत्न केला, "चुका नव्हत्या गं त्या. तुझंच खरं होतं." आक्का समजुतीनं हसली. भाऊ आपलं मन राखतोय, असंच तिला वाटलं.

त्यानंतर आक्का जपून बोलू लागली. भावानं एवढी मेहनत घेतली, आता त्याला खाली बघायला लागू नये, म्हणून. मी गेले की विडी थांबवून, मनात जुळवून म्हणायची, "या. बसा. चहा घेणार का?" एवढं म्हणताना तिच्या कपाळावर घाम यायचा. पुढं काय बोलावं हे सुचायचं नाही, मग गप्प बसायची. सरांनी कागद-पेन्सिल फेकून दिली, तालमींना येणं बंद केलं, आक्का पुन्हा मोकळी बोलेल म्हणून चाळीतल्या बायकांना मुद्दाम घरी बोलावून बघितलं. काही उपयोग झाला नाही. मला तर त्या खोलीत जायचीच भीती वाटू लागली, इतकी ती शांत झाली होती.

दोनेक वर्षांनी आक्का आजारी पडली, ती उठलीच नाही. मी भेटायला गेले तेव्हा दुपार होती. सर उशाशी बसले होते. आक्कानं डोळे उघडले, कोरडे ओठ हलवले, बराच वेळ जुळवाजुळव केली आणि भावाला म्हणाली, "मला थोडं पाणी देता का?"

सरांनी चमच्यानं पाणी पाजलं. मग तिच्या कानाशी वाकले. त्यांना गावच्या बोलीत बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "आक्का, म्या हाय गं, म्या. शिवी दे की एक."

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं तिनं, नक्की ओळखलं. आणि एकेक अक्षर सांभाळत म्हणाली, "आभारी आहे."