माझं पत्र बाळूच लिहितो

एका रविवारी सकाळी इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, मी एक लबाडी केली. मला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे मी बोलतेय आणि नात टाइप करतेय. मध्येच थांबून ती डोळे पुसते... तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका.

नात म्हणजे गार्गी. इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते आणि डॅनियलबरोबर राहते. लग्न केलेलं नाही. तिच्या बाबांना, म्हणजे माझ्या बाळूला, हे पसंत नाही आणि हिचा हट्ट असा की बाबा मांडवात उभे राहतील तेव्हाच लग्न. दोन वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. दोघं एकाच मुशीतली.

डॅनियल कॅनडाचा. त्याची इथली नोकरी संपतेय, हिचा व्हिसाही संपत आलाय. कॅनडात म्हणे लग्न न करता जोडीदार म्हणूनही कायमचं राहायला मिळतं, फक्त एका घरात संसार केल्याचा पुरावा लागतो. नाही मिळाला तर तो टोरांटोला आणि ही पुण्याला.

आता पुरावा आणायचा कुठून? ह्यांनी तो इतके दिवस अगदी निगुतीने लपवलेला... बाबांना नातेवाइकांत मान खाली घालायला लागू नये म्हणून. घर हिच्या एकटीच्या नावावर, त्याचं टपाल मित्राच्या पत्त्यावर. फोटोत ही नेहमी एकटी, आणि तीही एका कडेला सरकून उभी, जणू शेजारी भूत आहे.

मी आले तेव्हाही त्याला मित्राकडे पिटाळलं होतं. बाथरूममध्ये गेले तर आरसा इतका उंच की मला माझं नुसतं कपाळ दिसलं. बाहेर येऊन विचारलं, "गार्गे, हा आरसा कोणाच्या उंचीचा गं?" संध्याकाळी तो घरी आला. माझ्या पाया पडायला वाकला आणि टेबलावर डोकं आपटून घेतलं. मला तिथेच आवडला.

कॅनडाचे कागद करणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, घरच्या कोणाचं तरी पत्र जोडा, हे दोघं नवराबायकोसारखे राहतात असं सांगणारं. मी म्हटलं, मी सांगते की. पण इंग्रजीत लिहायचं कोणी? गार्गीने लिहिलेलं चालणार नव्हतं, केस तिचीच.

"शेजारच्या काकू लिहितील ना, आजी."

"नको. माझी पत्रं बाळू लिहितो." दुसरीत होता तेव्हापासून लिहितोय. माझ्या माहेरी गेलेलं प्रत्येक पत्र त्याच्या हातचं.

गार्गीचं तोंड उतरलं. "आजी, प्लीज. ते फोन ठेवून देतील."

"माझा? बघू या."

डॅनियलने फोनकार्ड खरवडून नंबर लावून दिला. पुण्यात संध्याकाळ होती, बाळू चहा घेत होता.

"बाळू, कागद घे. पत्र लिहायचंय, इंग्रजीत."

"कोणाला?"

"कॅनडाच्या सरकारला."

"आई, हे काय नवीन?"

"तू लिही. मध्ये बोलू नकोस."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला... आणि मी सांगायला लागले.

सांगितलं, की ही चिडली की हा भांडी घासायला घेतो आणि हा चिडला की बाहेर जाऊन बर्फ उपसतो, म्हणून आमचं अंगण सगळ्यात आधी मोकळं होतं. ही ऑफिसातून उशिरा आली तरी हा जेवायचा थांबतो. हिला ताप होता तेव्हा मला उठू दिलं नाही, आपणच मऊ भात केला, पाणी जास्त झालं.

"पाणी जास्त झालं हे लिहायचं?" बाळूने विचारलं.

"लिही. खरं आहे ते."

"... लिहिलं. ती बरी आहे ना आता?"

"पत्रात काय लिहू ते विचार," मी म्हटलं. मुद्दामच.

शेवटी तो म्हणाला, "मुलाचं पूर्ण नाव लागेल. जन्मतारीख पण." दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने नाव विचारलं. आता खरं सांगते, ते आडनाव मी घोकून घोकून पाठ केलेलं आहे. पण म्हटलं, "माझ्या जिभेला नाही रे वळत. धर, हिलाच विचार." आणि रिसीव्हर गार्गीच्या हातात देऊन चहा टाकायला गेले.

ती "बाबा" म्हणाली. मग हळूहळू नाव सांगितलं, आडनाव सांगितलं... आणि कार्डातले पैसे संपून फोन तुटला. डॅनियल तसाच चपलांवर दुसरं कार्ड आणायला निघाला. त्याचा एक पाय बाहेर बर्फात, तोच इकडे फोन वाजला.

बाळूनेच लावला होता. "जन्मतारीख राहिली," म्हणाला. जन्मतारीख सांगायला किती वेळ लागतो? माझा चहा दोनदा गार झाला.

पत्र आलं, शेजारच्या काकूंनी मला मराठीत वाचून दाखवलं आणि मी अंगठा उठवला. मी सांगितलेलं एक वाक्य वगळलं नव्हतं त्याने. कागद आता कॅनडात गेलेत, निकाल लागेल तेव्हा लागेल. धाकधूक आहेच.

बाळू, हे तू वाचणार आहेस, मला माहीत आहे. फोनवर शाबासकी दिली असती तर तू पुण्याच्या हवेबद्दल बोलायला लागला असतास. म्हणून इथे, सगळ्यांसमोर सांगते... गुणाचा आहेस रे.

(गार्गे, रडू नकोस, आणि ही ओळ खोडू नकोस.)