मिस्त्रींनी न घेतलेलं नाव

मिस्त्रींच्या उजव्या हाताची नखं वाढलेली असत आणि डाव्या हाताची अगदी मुळापर्यंत कापलेली. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला ही चैन परवडणारी नव्हती. म्हणून हातोडा, पाना, सगळं डाव्या हातानं चालवायची सवय त्यांनी लावून घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत पॉलिशपेपरचा तुकडा काढून ते एकेक नख घासत बसत आणि खात्यातली पोरं त्यांना 'नवरीबाई' म्हणून चिडवत. मिस्त्री रागावत नसत. "हत्यार आहे बाबांनो, धार ठेवावी लागते," एवढंच म्हणत आणि डबा उघडत.

हे हत्यार गिटारसाठी होतं. त्यांचे आजोबा सारंगिये, पण नातवाला नाद लागला तो या परक्या वाद्याचा, आणि तो लावला फेलिक्स मास्तरांनी. मास्तर मूळचे गोव्याचे. खडकीच्या लष्करी बँडमध्ये आयुष्य काढून चिंचवडला एका खोलीत एकटेच राहत. लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या एका साहेबानं त्यांना गिटार देऊन टाकली होती. मिस्त्री बारा वर्षं कामावरून सुटले की तेलकट कपड्यांनीच मास्तरांच्या खोलीवर जात. मास्तर फीला हात लावत नसत, पण आधी साबणानं हात धुवायला लावत.

मिस्त्रींची एक खोड मात्र आमच्या डोक्यात जाई. ते मास्तरांचं नाव कधी घेत नसत. उस्तादाचं नाव घेण्याआधी कानाला हात लावायचा आणि जमलं तर नाव घ्यायचंच नाही, असं आजोबांनी लहानपणीच बजावलं होतं. विषय निघाला की मिस्त्री उजव्या हातानं कानाची पाळी धरत, मान खाली घालत, आणि आपण काय ते समजून घ्यायचं. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, स्टोअरमधला साधा कारकून, तरी मी त्यांची थट्टा करायचो. ते म्हणायचे, "जीभ वळत नाही, भाऊ."

मग एके वर्षी मुंबईचा एक मोठा ऑर्केस्ट्रा पुण्यात येणार असं ठरलं, आणि त्यांच्याबरोबर गिटार वाजवायला आमच्या मिस्त्रींना बोलावणं आलं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पुण्याच्या रेडिओवर त्यांची मुलाखत होती. आमच्या चाळीत रेडिओ एकट्या माझ्याकडे. त्या संध्याकाळी खोलीत वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. रहाटणीहून दूध घालायला येणारे बबनराव किटली घेऊन उंबऱ्यातच टेकले होते. आणि घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर फेलिक्स मास्तर. दाढी केलेली, अंगात बँडचा जुना कोट, पितळी बटणं घासून लख्ख केलेली. ते कशासाठी आले होते ते सगळ्यांना कळत होतं. आयुष्यभर लग्नांत आणि परेडींत वाजवून ज्यांचं नाव कुणी विचारलं नव्हतं, त्यांचं नाव आज रेडिओवर येणार होतं.

मिस्त्री बरे बोलले. मग मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "हे वाद्य आपण कोणाकडे शिकलात?"

आणि रेडिओ गप्प झाला. मला वाटलं सेट बिघडला. मी उठून खुंटी पिळली, पण घरघर तर चालू होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मास्तरांकडे बघायचं टाळत होतो. शेवटी त्या मुलाखतकारानं घसा खाकरला आणि गिटारच्या तारा कसल्या असतात ते विचारलं. तारांवर मिस्त्री भरभरून बोलले.

मास्तरांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीपाशी नेऊन ठेवला आणि माझ्या बायकोला चहा छान झाला होता म्हणून सांगितलं. दाराशी थांबून मला म्हणाले, "त्याला आता मोठी माणसं भेटली असणार. मी कोण, बँडवाला."

तासाभरानं मिस्त्री रेडिओ स्टेशनवरून सायकल हाणत थेट माझ्याकडे आले. चेहरा आनंदानं फुललेला. आत येता येताच त्यांनी मास्तर काय म्हणाले ते विचारलं. माझं टाळकं फिरलेलंच होतं. मी म्हणालो, "नाव सांगायला लाज वाटली का तुम्हाला?"

"सांगितलं की," ते म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला.

पाळी धरलेली, मान खाली, असे ते माझ्यासमोर उभे होते. मला एकदम उमगलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाही. रेडिओवर हात दिसत नाही हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते मटकन खाली बसले. मी इतका ओशाळलो की पाणी द्यायचंही मला सुचलं नाही.

आम्ही दोघं तसेच मास्तरांकडे गेलो. मिस्त्रींनी त्यांचे पाय धरले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, मिस्त्रींच्या केसांतून हात फिरवला. "माझा राग नाही रे, पुता," ते म्हणाले. "पण त्या खोलीतली माणसं आता घरी गेली."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दारोदार फिरले. मी गप्प नव्हतो हो, मी कान धरला होता, असं प्रत्येकाला सांगत सुटले. लोक 'असू द्या, मिस्त्री' म्हणत. बबनराव तेवढे खरं बोलले. "व्हय, धरला आसंल. पन आमाला काय दिसलं न्हाई." मी मिस्त्रींना म्हटलं, अहो, आता तरी नाव घ्या. त्यांचे ओठ हलले, नाव काही फुटलं नाही. त्या हट्टाचा मला तेव्हा भयंकर राग आला. आज तेवढा येत नाही.

कार्यक्रम छान झाला म्हणतात. मला त्यातलं कळत नाही, पण टाळ्या खूप वेळ चालल्या. मास्तर आले नाहीत. खोकल्यानं लोकांचा विरस होईल म्हणाले. खोकला त्यांना होता, हे खरं. पण अडलं ते खोकल्यानंच का, हे मी कधी विचारलं नाही. मिस्त्रींची शिकवणी पुढंही चालू राहिली, साबणानं हात धुणं चालू राहिलं, आणि त्या संध्याकाळचा विषय दोघांनीही काढला नाही.

थंडीत मास्तर गेले. गोव्यात त्यांचं कुणी उरलं नव्हतं. खडकीच्या चर्चमध्ये नोंद करायला मिस्त्री आणि मी गेलो. तिथल्या वयस्कर कारकुनानं वही उघडली, टाक दौतीत बुडवला आणि वर न बघताच मयताचं नाव विचारलं.

मिस्त्रींचा हात कानापर्यंत गेला. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी तो हात खाली घेतला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मास्तरांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, खणखणीत आवाजात उच्चारलं. कारकून लिहायला लागला तरी त्यांनी ते पुन्हा एकदा घेतलं, आणखी मोठ्यानं.

"ऐकू येतं मला," कारकून म्हणाला.

खोलीत आम्ही तिघंच होतो.